पहिल्या श्वासांचा हिशेब

२०२२ ते २०२४ या काळात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ‘हॅपिन’ नावाच्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांतील सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रिया या प्रयोगात सहभागी होत्या. भारतातील केंद्र तामिळनाडूत होते. चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतील कल्पना बालकृष्णन आणि त्यांचे सहकारी ते सांभाळत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छेने निम्मी घरे निवडून त्यांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष पुरेल इतका गॅस मोफत देण्यात आला. उरलेल्या निम्म्या घरांत चूल पूर्वीसारखीच पेटत राहिली. चुलीचा धूर कमी केला तर बाळे जन्मतः अधिक वजनाची होतील का, आणि पहिल्या वर्षात त्यांना गंभीर न्यूमोनिया कमी होईल का, हे संशोधकांना पाहायचे होते.

सांख्यिकीच्या कसोटीवर दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले.

हा निकाल वाचल्यावर माझ्या ओळखीतल्या एका हुशार माणसाने विचारले, “मग हे सिलिंडर वाटप कशासाठी? धुराने काही होत नाही, असेच ना?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. लहानपणीची हवा आणि आयुष्यभराची फुप्फुसे यांचा संबंध कोणी, कसा आणि किती काळ शोधला, हे ठाऊक असल्याशिवाय त्या निकालाचा अर्थ लावता येत नाही. म्हणून हा इतिहास.

मी भौतिकशास्त्र शिकले. हवेतील सूक्ष्मकण मोजणे हे माझे रोजचे काम आहे. पण धुराशी माझी ओळख प्रयोगशाळेतली नाही. मे महिन्याच्या सुटीत गावी गेल्यावर आजीच्या चुलीपाशी फुंकणी घेऊन बसण्याचा मान मिळावा म्हणून आम्हा भावंडांत भांडणे होत. काकू भाकऱ्या थापत असे आणि तिचे तान्हे बाळ त्याच खोलीत, आढ्याला टांगलेल्या झोळीत झोपलेले असे. धूर वर जातो आणि झोळीही वरच असते, ही साधी गोष्ट तेव्हा कोणाच्याच मनात आली नाही.

या कथेचा भारतातील आरंभ एका हृदयरोगतज्ज्ञ स्त्रीपासून होतो. डॉ. एस. पद्मावती यांचा जन्म १९१७ मध्ये ब्रह्मदेशात झाला. युद्धाच्या धामधुमीत त्यांचे कुटुंब भारतात आले. इंग्लंड आणि अमेरिकेत शिक्षण घेऊन १९५३ च्या सुमारास त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. तेथे येणाऱ्या रुग्णांत एक विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात आली. फुप्फुसे दीर्घकाळ खराब राहिली की त्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्याला जादा श्रम पडतात. तो कप्पा फुगतो आणि अखेर थकतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा आजार प्रामुख्याने उतारवयातील, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा म्हणून वर्णिलेला होता. दिल्लीत मात्र तो स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आणि तुलनेने कमी वयात दिसत होता. विडी-सिगारेटने त्याचा उलगडा होत नव्हता. १९५९ मध्ये पद्मावती आणि पाठक यांनी १२७ रुग्णांचा अभ्यास ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. संशयाची सुई गोवऱ्या आणि सरपण यांच्या धुराकडे वळली होती.

हे रुग्ण प्रौढ होते. पण त्या स्त्रियांनी धूर घेण्यास कोणत्या वयात आरंभ केला होता? आपल्याकडे मुलगी स्वयंपाकघरात येते ती लग्नानंतर नव्हे. आधी ती आईच्या मांडीवर असते, मग पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन चुलीपाशी बसते आणि दहा-बारा वर्षांची होईपर्यंत चूल तिच्या हाती आलेली असते. रुग्णालयातील नोंदवहीत आजाराच्या निदानाची तारीख असते. आजाराच्या आरंभाची तारीख शोधण्यासाठी जन्मापासूनच्या नोंदी लागतात, आणि त्या तेव्हा आपल्याकडे नव्हत्या.

अशा नोंदी इंग्लंडमध्ये होत्या. मार्च १९४६ मधील एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथे जन्मलेल्या बाळांची पाहणी जे. डब्ल्यू. बी. डग्लस या वैद्यकाने केली आणि त्यांपैकी ५,३६२ मुलांचा पुढे सातत्याने पाठपुरावा सुरू ठेवला. ही मुले सहा वर्षांची असताना, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, लंडनवर कोळशाच्या धुराचे ते कुप्रसिद्ध धुके उतरले. तत्कालीन अंदाजानुसार त्यात सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील काळातील फेरमांडणीत हा आकडा १२,००० च्या घरात जातो. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

मृत्यूंची मोजदाद झाली. जी मुले जगली त्यांचे काय झाले, हे पाहायला वेळ लागला. डग्लस यांच्यापुढे अडचण अशी होती की १९४६ ते १९५० च्या दशकात देशभरच्या हवेची मोजमापेच उपलब्ध नव्हती. त्यांनी आणि वॉलर यांनी वाट काढली. कोणत्या भागात घरगुती वापरासाठी किती कोळसा जळतो याचे आकडे होते. त्यांवरून त्यांनी प्रत्येक मुलाच्या भागाची प्रदूषणाच्या दृष्टीने प्रतवारी केली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष नेमका होता. सर्दी-पडशासारखे वरच्या श्वसनमार्गाचे विकार सर्वत्र सारखेच होते. छातीत उतरणारे विकार, म्हणजे ब्रॉन्कायटिस आणि न्यूमोनिया, मात्र धुराच्या प्रमाणाबरोबर पायरीपायरीने वाढत गेले होते. श्रीमंत-गरीब असा भेद करून पाहिले तरी ही चढण टिकून राहिली.

त्या मुलांची कहाणी तेथे संपली नाही. हा पाठपुरावा आजही चालू आहे. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच गटाविषयी एक निबंध आला. ज्यांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत छातीचा संसर्ग झाला होता, त्यांचा पुढे २६ ते ७३ या वयात श्वसनविकाराने अकाली मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट होता. धूम्रपान आणि बालपणातील आर्थिक परिस्थिती हिशेबात घेऊनही हा फरक उरला. १९५२ च्या धुक्याविषयीही अशीच उशिरा उमगलेली गोष्ट आहे. २०१६ मधील एका अभ्यासानुसार, ज्यांनी आयुष्याच्या पहिल्या वर्षात ते धुके अनुभवले, त्यांच्यात बालपणी दमा होण्याचे प्रमाण सुमारे २० टक्केबिंदूंनी अधिक होते. धुके पाच दिवसांत विरले, पण हा हिशेब पुरा व्हायला चौसष्ट वर्षे लागली.

दुसरी नोंदवही याहूनही जुनी आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने एक शिस्त घालून दिली. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन करायचे, वर्षभर घरी भेटी द्यायच्या, आजार आणि दूधपाणी यांची नोंद करायची आणि वर्ष पुरे झाले की पुन्हा वजन करायचे. हेतू साधा होता, बाळे जगावीत. या वह्या पुढे दप्तरात पडून राहिल्या. १९८० च्या दशकात साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर जुन्या जन्मनोंदींच्या शोधात निघाले तेव्हा त्या पुन्हा उजेडात आल्या.

बार्कर यांनी वह्यांतील बाळे शोधून काढली, जी आता साठीची झाली होती. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,७१८ पुरुषांचा हा अभ्यास १९९१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. जे हयात होते त्यांपैकी काही शेकड्यांना श्वासमापकात फुंकायला लावले. ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांची फुप्फुसक्षमता कमी होती. ज्यांच्या नावापुढे पहिल्या वर्षात ब्रॉन्कायटिस वा न्यूमोनिया अशी नोंद होती, त्यांची एका सेकंदात बाहेर टाकलेली हवा सरासरी ०.१७ लिटरने कमी भरली. साठ वर्षांपूर्वी एका परिचारिकेने पेनाने लिहिलेला एक शब्द आणि साठीतल्या माणसाचा उच्छ्वास यांत असा धागा सापडणे, ही विज्ञानाच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. बार्कर यांच्या या विचाराचा एक धागा महाराष्ट्रातही आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. त्याचा विषय मुख्यतः मधुमेहाचा होता, पण मूळ प्रश्न तोच होता: गर्भात आणि बालपणी काय घडले?

येथे एक शंका उभी राहते आणि ती महत्त्वाची आहे. बालपणीच्या न्यूमोनियाने फुप्फुस लहान राहिले, की फुप्फुस आधीच लहान होते म्हणून न्यूमोनिया झाला? कारण कोणते आणि परिणाम कोणता? याचे उत्तर अमेरिकेतील टुसॉन येथे मिळाले. तेथे १९८० मध्ये नवजात बाळांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला होता. संशोधकांनी छातीचा पहिला आजार होण्याआधीच काही बाळांच्या फुप्फुसांची मापे घेऊन ठेवली. १९८८ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या बाळांना पुढे घरघर लागणारे आजार झाले त्यांच्या फुप्फुसांची क्षमता आजारापूर्वीच कमी होती. म्हणजे आरंभबिंदू जन्माच्याही मागे सरकला. गर्भावस्थेत आईच्या श्वासातून जे जाते, तेही या हिशेबात धरावे लागते.

असे का व्हावे, याचा काही भाग शुद्ध भौतिकशास्त्र आहे. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाला वा वायूला होणारा रोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा प्वाझयचा नियम. आता ४ मिलिमीटर त्रिज्येची एक नळी आणि २ मिलिमीटर त्रिज्येची दुसरी नळी घ्या. दोन्हींच्या आतल्या बाजूस अर्धा मिलिमीटर सूज आली असे समजा. मोठ्या नळीतील रोध सुमारे १.७ पट होतो, तर लहान नळीतील ३ पटींहून अधिक. धूर तोच आणि सूजही तेवढीच. पण मोठ्या माणसाला जो साधा खोकला वाटतो तो बाळाला दम कोंडणारा ठरतो. शिवाय बाळाचे श्वास जलद असतात. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर नवजात बाळ प्रौढापेक्षा जवळपास दुप्पट हवा आत घेते, आणि त्या हवेबरोबर त्यातील कणही दुप्पट जातात.

दुसरा भाग वाढीचा आहे. जन्माच्या वेळी फुप्फुसांत काही कोटीच वायुकोश असतात. प्रौढपणी ते ३० कोटींच्या वर जातात. बहुतेक वायुकोश पहिल्या दोन-तीन वर्षांतच तयार होतात आणि पुढे केवळ आकाराने वाढतात, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ७ ते २१ वर्षांच्या १०९ जणांना हेलियम-३ हा वायू हुंगवून चुंबकीय अनुनादाने त्याच्या अणूंची हालचाल मोजली. वायुकोश वयाबरोबर मोठे होत गेले असते तर अणूंना फिरायला जागाही त्या प्रमाणात वाढली असती. ती तेवढी वाढलेली दिसली नाही. याचा अर्थ, नवे वायुकोश किशोरवयातही तयार होत राहतात. माझ्या विषयातील एक तंत्र बालरोगशास्त्राच्या इतक्या मूलभूत प्रश्नाला उपयोगी पडले, याचा मला आजही आनंद वाटतो. यातून एक आशाही निघते. पहिली वर्षे सर्वांत नाजूक खरी, पण नंतरही दार पूर्ण बंद होत नाही.

फुप्फुसांची क्षमता विशीच्या आरंभी शिखरावर पोहोचते आणि मग हळूहळू उतरू लागते. दीर्घकालीन श्वसनरोधाचे कारण म्हणजे हा उतार फार तीव्र असणे, अशी १९७७ पासूनची प्रचलित मांडणी होती. २०१५ मध्ये डेन्मार्कचे पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी तीन दीर्घ अभ्यास एकत्र करून दाखवले, की सुमारे निम्म्या रुग्णांत उतार सर्वसाधारणच होता. त्यांचे शिखरच खुजे होते. खर्च इतरांइतकाच, पण मूळ पुंजीच कमी. आणि ही पुंजी बालपणी जमते.

आता भारतात परत येऊ. पद्मावतींनी संशय व्यक्त केला होता, पण स्वयंपाकघरातील हवेचे प्रत्यक्ष मोजमाप झालेले नव्हते. ते १९८१ मध्ये गुजरातमधील चार गावांत झाले. कर्क स्मिथ हे अमेरिकी संशोधक ऊर्जेशी निगडित जोखमींचा अभ्यास करत. अग्रवाल आणि दवे या भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा खेचणारे छोटे पंप बांधले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आकडा होता दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. तेव्हा सर्व आकारांची धूळ एकत्र मोजली होती आणि तीही केवळ स्वयंपाकाच्या वेळेतली, म्हणून आजच्या पीएम २.५ च्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही. तरीही प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारी, या समजाला त्याने धक्का दिला. सर्वांत दूषित हवा घराच्या आत होती, आणि ती श्वासात घेणारे होते आई आणि तिच्याजवळचे बाळ. पुढे नेपाळच्या डोंगराळ खेड्यांत मृगेंद्र राज पांडे यांनी मूल रोज किती तास चुलीजवळ असते याची माहिती घेतली आणि ते तास व छातीचे आजार यांचा संबंध दाखवला.

शहरांची कथा याला समांतर चालली होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील बससेवा नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिला. २००२ च्या अखेरीस तो प्रत्यक्षात आला. त्याच सुमारास कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील त्विषा लाहिरी, मानस रंजन राय आणि सहकाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची तपासणी केली. तुलनेसाठी पश्चिम बंगाल आणि उत्तराखंडच्या ग्रामीण भागांतील मुले घेतली होती. दिल्लीतील ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसक्षमता कमी आढळली; ग्रामीण गटात हे प्रमाण २५.७ टक्के होते.

पहिला आकडा वृत्तपत्रांत अनेकदा येतो. मला दुसराही तितकाच अस्वस्थ करतो. ज्या मुलांना आपण ‘स्वच्छ हवेतली’ म्हणून तुलनेला घेतले, त्यांच्यातही चारांत एकाची क्षमता कमी! बस नाही, कारखाना नाही; पण चूल, कुपोषण, कमी जन्मवजन आणि वारंवार होणारे संसर्ग होते. भारतातील बालकाला धुरापासून पूर्ण सुटका देणारा पत्ता सापडणे कठीण आहे.

ही तपासणी २००२ ते २००५ मध्ये झाली आणि मंडळाने तिचा अहवाल २०१२ मध्ये छापला. तपासणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल अहवाल छापून आला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे फुप्फुसांच्या शिखराच्या अगदी जवळ. ती मुले आज माझ्या वयाची आहेत. त्यांच्या उताराला आरंभ झाला आहे.

या निराशाजनक चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती कॅलिफोर्नियातून येते. तेथील दक्षिण भागातील १२ वस्त्यांमध्ये १९९३ पासून शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वर्षानुवर्षे मापे घेतली गेली. २००४ मधील निबंधात असे आढळले, की सर्वांत कमी सूक्ष्मकणांच्या वस्तीत १८ व्या वर्षी लक्षणीयरीत्या कमी क्षमता असलेल्यांचे प्रमाण १.६ टक्के होते, तर सर्वांत दूषित वस्तीत ७.९ टक्के. पण लॉस एंजेलिस परिसराने वाहने, इंधन आणि बंदरे यांवरील निर्बंध कडक करत हवा सुधारली. २०१५ मध्ये गाउडरमन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या काळांतील मुलांच्या तीन पिढ्या शेजारी ठेवल्या. १५ व्या वर्षी कमी क्षमता असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आणि पुढे ३.६ टक्क्यांवर आले होते. हवा सुधारली की मुलांची फुप्फुसे अधिक वाढतात, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

मग ‘हॅपिन’मध्ये ते का दिसले नाही?

त्याआधीचा एक प्रयोग आठवावा लागेल. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात कर्क स्मिथ यांच्याच पुढाकाराने २००२ ते २००४ मध्ये ५३४ घरांत धुराडे असलेल्या चुलींची परीक्षा झाली. २०११ मध्ये निष्कर्ष आला: डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात झालेली घट सांख्यिकीच्या कसोटीवर उतरली नाही, गंभीर न्यूमोनियात मात्र सुमारे एक-तृतीयांश घट झाली. म्हणजे पुरावा होता, पण निःसंदिग्ध नव्हता. म्हणूनच ‘हॅपिन’मध्ये चुलीत सुधारणा करण्याऐवजी थेट गॅस दिला गेला.

त्यातील आकडे पाहू. चूल वापरणाऱ्या गर्भवतींच्या श्वासातील हवेत पीएम २.५ चे मध्यक प्रमाण दर घनमीटरला सुमारे ७१ मायक्रोग्रॅम होते. गॅस मिळालेल्यांचे सुमारे २४. सुमारे ४७ मायक्रोग्रॅमची ही घट मोठी आहे. आता तामिळनाडूतच झालेला आधीचा एक अभ्यास घ्या. बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १,२८५ गर्भवतींच्या निरीक्षणांवरून दाखवले होते, की पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढले की बाळाचे वजन सरासरी ४ ग्रॅमने कमी भरते. या दराने ४७ मायक्रोग्रॅमच्या घटीचा अपेक्षित लाभ सुमारे १९ ग्रॅम येतो. ‘हॅपिन’मध्ये दोन गटांच्या सरासरी जन्मवजनांत प्रत्यक्ष आढळलेला फरक होता सुमारे २० ग्रॅम.

हा मेळ योगायोगाचाही असू शकतो, कारण मोजमापातील अनिश्चितता या फरकाहून मोठी आहे आणि त्या पट्ट्यात शून्यही येते. पण ‘परिणाम सिद्ध झाला नाही’ आणि ‘परिणाम नाही हे सिद्ध झाले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एवढे तरी या गोष्टीतून घ्यावे. २० ग्रॅमचा फरक ३,२०० स्त्रियांच्या प्रयोगात स्पष्ट दिसणे मुळातच अवघड होते.

न्यूमोनियाबाबतही पाहण्यासारखे बरेच आहे. गॅस मिळाला तो गर्भधारणेला ९ ते २० आठवडे झाल्यानंतर. त्या स्त्रीचे स्वतःचे बालपण, तिचे पोषण आणि गर्भाचे पहिले आठवडे त्याआधीच होऊन गेले होते. गॅसवर स्वयंपाक सुरू झाला तरी शेजारची चूल, रस्त्याकडेचा जाळलेला कचरा आणि बाहेरची हवा तीच राहिली. २४ मायक्रोग्रॅम हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेल्या ५ मायक्रोग्रॅमच्या वार्षिक मर्यादेहून अजूनही कितीतरी वर आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रयोगात पहिल्या वर्षातील गंभीर न्यूमोनिया मोजला गेला. त्या बाळांची विसाव्या वर्षीची फुप्फुसे अद्याप कोणी मोजलेली नाहीत. ती मोजायला विसावे वर्ष उजाडावे लागेल.

त्या ओळखीच्या गृहस्थांना मी दिलेले उत्तर थोडक्यात असे. एका घरातील एक चूल बदलणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. कॅलिफोर्नियात एका घराची नव्हे, संपूर्ण खोऱ्याची हवा बदलली आणि ती दोन दशके बदलत राहिली. १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत सिलिंडर पोहोचवला. पण तो रिकामा झाल्यावर पुन्हा भरून आणणे परवडते का, यावर त्या घरातल्या बाळाचा श्वास अवलंबून आहे. गॅसच्या बाजूलाच चूलही पेटत राहिली, तर हाती येते ती अर्धी स्वच्छ हवा. घरातल्या इतर धुरांचेही तेच. २००३ मधील एका अभ्यासानुसार, डास पळवणारी एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्मकण सोडते तेवढे सोडण्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. बाळाच्या पाळण्याखाली ती लावण्याऐवजी मच्छरदाणी लावणे, हा आज रात्रीपासून करता येण्याजोगा उपाय आहे.

आणि एक मागणी. हर्टफर्डशायरच्या वह्यांतून जे कळले ते कोणत्याही महागड्या यंत्रातून कळले नव्हते. एका सेविकेने वजन केले, आजार लिहिला आणि कोणीतरी ती वही फेकून दिली नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. तेथील ताई आजही बाळाला वजनकाट्यावर ठेवतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. त्या ठिपक्याशेजारी ‘छातीचा आजार: कधी, किती वेळा’ आणि ‘घरात चूल की गॅस’ एवढ्या दोनच नोंदी नेमाने झाल्या, त्या जपल्या गेल्या आणि शाळेत उंची-वजनाबरोबर वर्षातून एकदा श्वासमापकात फुंकण्याची सोय झाली, तर तीस वर्षांनी आपल्या मुलांविषयीचे उत्तर आपल्याच वह्यांत सापडेल.

कर्क स्मिथ जून २०२० मध्ये गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, करोनाच्या संसर्गाने डॉ. पद्मावती गेल्या, तोही आजार फुप्फुसांत उतरणारा. दोघांनी मांडलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. काकूच्या झोळीतले ते बाळ आता सत्तावीस वर्षांचे आहे. मागच्या दिवाळीत जिना चढताना त्याला धाप लागली, तेव्हा घरातील सगळे त्याच्या वाढलेल्या वजनावरून त्याला हसले. मी हसू शकले नाही. कारण कोणते, हे मला सांगता येत नाही. त्याच्या पहिल्या वर्षाची वही कोणी ठेवलेली नाही.